दोन टाकी आणि एक आराखडा

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी इतिहासात एम.ए. करायला निघाले, तेव्हा घरच्यांना वाटलं, चला, हिचा वेळ बरा जाईल. सकाळी मळवलीहून लोकल धरायची, शिवाजीनगरला उतरायचं, आपल्या लेकीहून लहान पोरांच्या बाकावर बसायचं आणि दिवेलागणीला परत. परीक्षांची भीती होती, ती फुकट गेली. दुसऱ्या वर्षीच्या लघुप्रबंधाचीही मनाशी तयारी केली होती. घाम फोडला तो त्याच्या आधीच्या पाच-सहा पानांनी. आपण काय शोधणार, कशासाठी आणि कसं, हे शोधण्याच्या आधीच लिहून द्यायचं! कागदोपत्री त्याला संशोधन आराखडा म्हणतात. वर्गातली पोरं सिनॉप्सिस म्हणतात आणि एका रात्रीत उरकतात. मला तो पुरून उरला. त्या पानांशी झटताना जे जाणवलं ते सांगते. क्रम आठवेल तसा आहे.

१. गावात राहतो म्हणून गावावर लिहिता येतं, असं नाही. माझी समजूत उलटी होती. मळवली स्टेशनाच्या एका अंगाला कार्ल्याची लेणी आणि एकवीरा, दुसऱ्या अंगाला एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडला की भाजे, त्याच्या माथ्यावर लोहगड-विसापूर. बाकीच्यांना विषयासाठी वणवण करावी लागेल, माझ्या तर गॅलरीतून दिसतो, अशा तोऱ्यात मी गाइड मॅडमकडे गेले. ‘मावळातील लेणी,’ मी म्हटलं. ‘लेण्यांचं काय?’ त्यांनी विचारलं. काय म्हणजे? लेणी आहेत! दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, सुंदर आहेत, पाहुणे आले की मीच दाखवायला नेते. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. आपल्या बोलण्याला पर्यटन खात्याच्या पत्रकाचा वास येतोय हे बोलता बोलता माझं मलाच कळलं. रोज दिसणाऱ्या गोष्टीबद्दल आपल्याला कुतूहल उरलेलं नसतं, नुसती मालकीची भावना असते. कुतूहल बाहेरून आलेल्याकडे जास्त सापडतं, हे पचवायला जड गेलं.

२. विषयांचा तुटवडा कधीच नसतो, प्रश्नांचा असतो. त्या आठवड्यात मी वहीत विषयांची रांग लावली. १८६३ साली भोर घाटातून रेल्वे सुरू झाली, तो घाट. सेनापती बापटांचा १९२१चा मुळशी सत्याग्रह. २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून लोहगड जागतिक वारसा यादीत गेला, तो सोहळा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ, कारण तो रोज शिजवते. एकेक विषय असा दणदणीत की ज्याच्यापुढे पूर्णविरामच द्यावा. आणि तीच अडचण होती. प्रश्नचिन्ह कशाच्याच पुढे बसेना. मुळशीचं तर सगळं ठरल्यासारखं झालं होतं, पण ग्रंथालयात राजेंद्र व्होरांचं पुस्तक हाती आलं. मला जे जे सुचलं होतं ते सगळं त्यात होतं, आणि जे सुचायला हवं होतं तेही होतं. त्यात भर घालता येणार नाही असं नाही, पण ती घालायला माझ्याकडे काही हवं ना!

३. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे आपला अहंकार हप्त्याहप्त्याने फेडणं. मला वाटायचं, आराखड्यातला हा भाग म्हणजे दहा पुस्तकांची नावं टाकून मोकळं व्हायचं. प्रत्यक्षात, आपल्याला चालता चालता सुचलेला विचार बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजींनी १८८१ सालीच पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखसंग्रहात छापून ठेवला आहे, हे ग्रंथालयाच्या पंख्याखाली बसून वाचावं लागतं. मग सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त केलेलं कार्ल्याच्या लेखांचं वाचन. मग ल्यूडर्सची ब्राह्मी लेखांची यादी. विद्या देहेजिया. शोभना गोखल्यांचं कान्हेरीच्या लेखांवरचं काम. माणसं आयुष्यं घालून गेली आहेत आणि मी डबा आणि छत्री घेऊन आले आहे!

यांच्यात मला सगळ्यात जवळचे वाटले ते दामोदर धर्मानंद कोसंबी. मुळात गणिती. पुण्यात राहायचे, मुंबईला टाटा संस्थेत काम करायचे आणि डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. म्हणजे आमच्या मळवली स्टेशनावरून रोज जायचे. गाडी इथे थांबत नाही, आजही नाही. पण हा माणूस पायी डोंगर तुडवत होता, सूक्ष्मास्त्रं वेचत होता, जुन्या वाटा आणि लेणी यांचा संबंध लावत होता. कार्ल्याच्या लेखांत धेनुकाकट नावाच्या गावचे दाते पुन्हा पुन्हा येतात. हे धेनुकाकट कुठलं, यावर विद्वानांचं एकमत नाही. कोसंबींनी ते कार्ल्याच्याच आसपास शोधलं, त्यावर १९५५ साली लेख लिहिला. त्यांचं उत्तर सर्वांना पटलेलं नाही. मला उत्तरापेक्षा शोधायची रीत आवडली. लेखातलं नाव वाचायचं आणि मग पायात बूट घालायचे.

४. प्रश्न सापडायला कधी कधी तहान लागावी लागते. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात. पावसाळा संपता संपता त्यांची टोळी भाजे बघायला आली. मी अर्थातच वाटाड्या. चैत्यगृहाच्या कमानीखाली उभी करून छताच्या लाकडी फासळ्या दाखवल्या. दगडात कोरलेलं छत, त्याला गरज नसताना लाकडाच्या फासळ्या, आणि त्यातल्या काही अजून मूळच्याच. पुढे तो स्तूपांचा घोळका दाखवला, चौदा स्तूप, काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं. सगळं पाठ आहे मला. एका मुलाचं लक्षच नव्हतं. पायऱ्या चढून त्याची बाटली रिकामी झाली होती. म्हणाला, ‘काकू, एवढ्या वर राहायचे, तर प्यायचे काय?’

मी टाकं दाखवलं. कातळात खोल उतरलेलं, तोंड लहान, आत हिरवट पाणी, वर तरंगणारी वेफर्सची पिशवी. तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, ‘हे कुणी दिलं?’ कुणी खोदलं असं विचारलं असतं तर मी खडकाबद्दल, छिन्नीबद्दल काहीतरी ठोकून दिलं असतं. कुणी दिलं, म्हणाला. भाज्याच्या एका टाक्यापाशी खरंच तसा लेख आहे. महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याने हे टाकं दान दिलं, अशा अर्थाचा. ब्राह्मी अक्षरं, समोरून प्रकाश पडला तर दिसतसुद्धा नाहीत. मोबाइलचा दिवा भिंतीलगत आडवा धरला की सावल्या भरतात आणि एकेक अक्षर वर येतं. मुलाने दिवा धरला आणि मी ‘म’ ओळखून दाखवला. पुढचं मला पुस्तकाशिवाय वाचता येत नव्हतं. ते मी त्याला सांगितलं नाही, पाय घसरेल म्हणून सगळ्यांना पुढे काढलं.

रात्री मात्र झोप येईना. कारण मला बेडसे आठवलं. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागलं की येतं ते. तिथेही एका टाक्यापाशी दानलेख आहे. तो एका बाईचा आहे. सामडिनिका तिचं नाव. महाभोजाची मुलगी, स्वतः महारठिनी, आपदेवणकाची बायको. एकाच मावळात, एकमेकांपासून दिवसभराच्या चालीपेक्षाही जवळ, दोन टाकी, आणि दोन्हींचे दाते महारठी म्हणवणाऱ्या बड्या घराण्यांतले. उठून दिवा लावला. ह्यांनी विचारलं, ‘काय झालं?’ म्हटलं, ‘पाणी.’ त्यांनी उशाचा तांब्या पुढे केला.

५. गृहीतक स्वतःच्या हाताने मारून बघायचं असतं, तेही आराखडा द्यायच्या आधी. हा भाग जरा विस्ताराने सांगते, कारण इथेच मी काहीतरी शिकले असं मला वाटतं.

माझं गृहीतक झोकात होतं. मावळातल्या लेण्यांत खांब आणि दारं दिली ती व्यापाऱ्या-कारागिरांनी. पाणी दिलं ते सत्ताधारी घराण्यांनी. पुरावा? कार्ला. तिथल्या महाचैत्यात दात्यांची जणू जत्राच आहे. वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल. आपलं हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असं त्याने बिनदिक्कत कोरून ठेवलं आहे (आणि चैत्य पाहिल्यावर त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही). धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यं विकणारा सिंहदत्त. तिथलाच सामि नावाचा सुतार. खांब देणारे यवन. मी सुंदर तक्ता केला. डाव्या बाजूला दगड, उजव्या बाजूला पाणी. वर शाईने लिहिलं, ‘सत्ता आणि पाणी’. मुळशीपासून पवनेपर्यंत आमच्या तालुक्यांचं राजकारण पाण्याभोवतीच फिरत आलं आहे, त्याची मुळं थेट सातवाहन काळात नेऊन भिडवायची, असा माझा बेत. शेवटच्या प्रकरणाचा शेवटचा परिच्छेदसुद्धा मनात तयार होता.

मॅडमनी तक्ता पाहिला. त्या माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, मला ताई म्हणतात. म्हणाल्या, ‘ताई, छान आहे. पण तुमचा हा तक्ता दोन लेखांवर उभा आहे, आणि तिसरा लेख येऊन तो पाडेल. तो तिसरा दुसऱ्या कुणी आणून दाखवण्याआधी तुम्हीच शोधा.’

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कार्ल्याच्या चैत्यासमोर सिंहस्तंभ आहे, ज्याच्या समोर उभं राहून मी पाहुण्यांचे किती फोटो काढले असतील! त्याच्यावर लेख आहे: महारठी अग्निमित्रणकाचं दान. म्हणजे महारठी खांबही देत होते. डाव्या बाजूचा तक्ता गेला. मग कान्हेरीचे लेख काढले. तिथे टाकी पुष्कळ आणि टाक्यांचे दानलेखही पुष्कळ, आणि त्यांतलं एक पिण्याच्या पाण्याचं टाकं दिलंय कल्याणच्या एका सोनाराने. उजवी बाजूही गेली.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, दापोडी ते देहूरोड. पण कामशेत येईपर्यंत वेगळंच काहीतरी सुचत होतं. कान्हेरीला टाकं सोनारालाही परवडतं, मग मावळात टाक्यांवर जी नावं दिसतात ती मोठ्या घराण्यांचीच का? कान्हेरी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांजवळ, तिथे पैसा नाना हातांत खेळत होता, म्हणून? की घाटवाटेवरची लेणी म्हणजे वाट राखणाऱ्या घराण्यांची प्रतिष्ठा, म्हणून? की काळाचा फरक? लेण्याचा काळ एक आणि टाक्यावरच्या लेखाचा काळ दुसरा असू शकतो. अक्षरवळणावरून तो ठरवतात आणि त्यावर भांडतात. की कारण अगदीच साधं आहे, की बाकीच्या टाक्यांवर कुणी काही कोरलंच नाही? पाणी देणारे पुष्कळ असतील, नाव कोरायची सोय मोजक्यांना.

ही शेवटची शक्यता मी मॅडमना सांगितली तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसल्या. ‘आता लिहा,’ म्हणाल्या.

६. ‘कशावरून?’ हा प्रश्न समासात लाल शाईने लिहिलेला असेल तर जास्त लागतो. पहिल्या कच्च्या मसुद्यावर मॅडमनी दुसरं काहीच लिहिलं नव्हतं. ‘मावळातील जनजीवनात पाण्याचे स्थान अनन्यसाधारण होते.’ कशावरून? ‘तत्कालीन समाज धर्मपरायण होता.’ कशावरून? बँकेत तीस वर्षं मी लोकांच्या कर्जाच्या अर्जांना हाच प्रश्न विचारत आले, तारण काय म्हणून. आपल्या वाक्यांना तारण लागतं हे कधी मनातच आलं नव्हतं. शाळेपासून निबंध लिहिताना अनन्यसाधारण, अमूल्य, गौरवशाली असले शब्द टाकायचे आणि गुण घ्यायचे, ही सवय हाडात मुरलेली. मसुदा धुऊन निघाला तेव्हा जेमतेम दीड पान उरलं. पण ते दीड पान वाचून बघताना मला पहिल्यांदाच वाटलं की हे मी लिहिलंय.

७. मर्यादा लिहिताना माणूस खाली मान घालून लिहितो. खरं तर तिथेच ताठ बसायला हवं. ‘व्याप्ती आणि मर्यादा’ या मथळ्याखाली मी लिहिणार होते, वेळेअभावी सर्व लेण्यांचा अभ्यास शक्य झाला नाही. सगळे हेच लिहितात. मॅडम म्हणाल्या, वेळ असता तर केला असता का? नसता केला. मला कार्ल्याचे सगळे लेख नको होते, फक्त तुलनेपुरते हवे होते. मग तसंच लिहिलं. ब्राह्मी मला अडखळत येते, म्हणून प्रकाशित वाचनांवरच भिस्त, आणि जिथे दोन अभ्यासकांची वाचनं जुळत नाहीत तिथे दोन्ही देणार. हेही लिहिलं. लिहिताना वाटत होतं, आराखडा तपासणारी कमिटी म्हणेल बाई, तुम्हाला येतं तरी काय? कमिटीने त्यावर अवाक्षर काढलं नाही. त्यांचा आक्षेप संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांना होता.

८. वेळापत्रक कागदावर नेहमी हिवाळ्यात घडतं. जुलै-ऑगस्ट: क्षेत्रभेटी, असं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं आणि मॅडमनीही ते मान्य केलं होतं, कारण त्या पुण्यात राहतात. ह्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, ‘जुलैत? भाज्याला?’ पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भाज्याच्या धबधब्याकडे लोटणारी गर्दी पाहून आम्ही दूध आणायलाही बाहेर पडत नाही. शिवाय कातळ निसरडा, टाकी काठोकाठ, लेखांवर शेवाळ. भेटी डिसेंबरात ढकलल्या. टाक्यांची मापं घ्यायची, तिवई लावून नीट फोटो काढायचे, तर पुरातत्त्व खात्याला अर्ज करायला हवा, हेही तेव्हाच समजलं. आराखड्याच्या छापील नमुन्यात परवानगीसाठी रकाना नाही. असायला हवा, आणि पहिल्या पानावर हवा.

९. शीर्षक सगळ्यात शेवटी सुचतं आणि फॉर्मवर सगळ्यात आधी भरावं लागतं. आमच्याकडे शीर्षकाला एक शेपूट असतं: ‘एक चिकित्सक अभ्यास’. ग्रंथालयात जुन्या प्रबंधांचं कपाट आहे, त्याच्या कण्यांवरून नुसती नजर फिरवावी. सगळे अभ्यास एकेकच आहेत आणि सगळे चिकित्सक आहेत. मी ठरवलं, आपण हे लावायचं नाही. ‘भाजे आणि बेडसे येथील टाक्यांचे दानलेख: दाते कोण आणि नोंद कोणाची?’ असं लिहून फॉर्म दिला. खिडकीतल्या क्लार्कने वाचला, परत वाचला, म्हणाला, ‘मॅडम, शीर्षकात प्रश्नचिन्ह चालत नाही बहुतेक.’ बहुतेक म्हणजे? नियम आहे का? ‘नियम नाही. पण कुणी टाकत नाही.’ मागे रांग वाढत होती. तो बाटलीवाला मुलगा माझ्या मागेच उभा होता, एकवीरेच्या चैत्री यात्रेतल्या दुकानदारांवरचा आपला फॉर्म घेऊन. ‘काकू, राहू द्या प्रश्नचिन्ह,’ तो म्हणाला. ‘तुमचं घेतलं तर मीपण टाकतो.’ क्लार्कने दोघांकडे पाहिलं, शिक्का मारला आणि म्हणाला, परत आलं तर माझ्याकडे यायचं नाही.